मावशीच्या जेवणाची वेळ कल्याणला ठरते

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या मावशीची मुंबई दुरांतो या रात्रगाडीबद्दल एकच तक्रार आहे, ती म्हणजे तिची वेळ. गाडी नागपूरहून रात्री आठ चाळीसला सुटते. “हे काय टाइम आहे का गाडी सुटाचा? घरी जेवाले बसलं तर गाडी जाते, अन् गाडीत डबा उघडला तर समोरच्याले झोपाचं असते.” म्हणून ती साडेसहालाच घरी चार घास खाऊन घेते आणि संत्रा मार्केटच्या बाजूने स्टेशनात शिरेपर्यंत तिला पुन्हा भूक लागते.

तिची समजूत अशी, की नागपूर स्टेशनात वरच्या मजल्यावर कोणी एक साहेब बसतो आणि ही वेळ त्याने ठरवलेली आहे. त्याला गाठून सांगितलं तर गाडी साडेनऊला सुटेल. दगडी इमारत बघून असं वाटणं साहजिक आहे. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली ती इमारत १५ जानेवारी १९२५ला उघडली आणि तिच्यात अजूनही सरकारी रुबाब भरपूर आहे. पण आठ चाळीसची वेळ त्या इमारतीत जन्मलेली नाही. ती शोधायची तर ८३७ किलोमीटर पलीकडून, म्हणजे मुंबईच्या टोकाकडून, उलटं मोजत यावं लागतं.

सकाळी कल्याणला उभं राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कल्याण ते सीएसएमटी अंतर ५४ किलोमीटर. एवढ्याच पट्ट्यात मुंबईच्या लोकल दर काही मिनिटांनी धावतात आणि सकाळी आठ ते साडेदहा या वेळात त्यांना हात लावायची कोणाची छाती नसते. कल्याणपासून कुर्ल्यापर्यंत सहा मार्ग आहेत, त्यातले दोन लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या कामी येतात. ठाणे-दिवा दरम्यानचा अडलेला तुकडा २०२२मध्ये पुरा झाला, तेव्हा कुठे ही सोय सलग झाली. पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत मेन लाइनला चारच मार्ग. तिथे मेल-एक्स्प्रेसला लोकलच्या मधल्या फटीतून जावं लागतं. फट हुकली की थांबा.

आता उलटं मोजू. सीएसएमटीला आठच्या सुमाराला पोहोचायचं तर कल्याण सातच्या आसपास ओलांडायला हवं. त्याआधी कसारा घाट उतरायचा, म्हणजे इगतपुरी पहाटे पाचच्या आसपास. इगतपुरीच्या मागे भुसावळ ३०८ किलोमीटर, म्हणजे रात्री दीड-दोन. भुसावळच्या मागे नागपूर आणखी ३९३ किलोमीटर. आकडे मांडत आलं की आपण आठ चाळीसच्या दारात येऊन उभे राहतो.

गाडी मावशीच्या सोयीने साडेनऊ-दहाला सोडली तर ती कल्याणला आठ-सव्वाआठला येईल, ऐन गर्दीत. एखाददुसरी गाडी तिथेही घुसवता येते, पण तिची किंमत दहा लोकल मोजतात. मग लवकर का नाही सोडत? मुंबईत पहाटे शिरायच्या फटींवरही आधीच ताबा आहे. देशभरातून रात्रभर धावत आलेल्या गाड्या त्याच दोन-तीन तासांत दारात रांग लावून असतात. आपलीच विदर्भ एक्स्प्रेस नागपूरहून संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघते, ती सकाळी आपली फट धरायला. शिवाय सहाला गाडी सोडली तर सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांतला माणूस ती पकडणार कधी?

समृद्धी महामार्गाशी इथे गंमतीशीर तुलना होते. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५मध्ये शेवटपर्यंत खुला झाला आणि त्यावरून बस कधीही सोडता येते. आठला, सव्वाआठला, मालकाला वाटेल तेव्हा. पुढची गाडी रेंगाळली तर ड्रायव्हर लेन बदलून पुढे जातो. रुळावर लेन बदलता येत नाही. तिथे गाडी सोडण्याआधी तिच्यासाठी अख्ख्या मार्गावर मिनिटामिनिटाची वाट राखून ठेवावी लागते. तिला रेल्वेची माणसं ‘पाथ’ म्हणतात. कागदावर आडवा वेळ आणि उभी स्टेशनं मांडून प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ काढतात. एकाच मार्गावर एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा स्टेशनांच्या मध्ये कुठेही एकमेकींना छेदता कामा नयेत. ओलांडायचं तर स्टेशनातच. वेळापत्रक म्हणजे त्या रेघांचं जाळं, आणि आपण फलाटावर वाचतो तो त्याचा फक्त सारांश.

मुंबईकडे जाताना वाट अरुंद होत जाते

हे जाळं नागपूरपासूनच दाट आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना भेटतात, म्हणून आपण मध्यभागी असल्याचा अभिमान बाळगतो. पण भेटल्यावर ते लगेच वेगळे होत नाहीत, हे फारसं कोणी सांगत नाही. मुंबईला जाणारी गाडीही वर्ध्याकडे जाते आणि चेन्नईला जाणारीही तिकडेच, सेवाग्रामपर्यंत. सुमारे ७८ किलोमीटर दोन्ही प्रवाह एकाच वाटेने वाहतात. दिल्लीकडून येणाऱ्या गाडीला इटारसीजवळ धुक्याने अडवलं तर त्याची झळ नागपूर-वर्ध्यामधल्या बुटीबोरीला बसते ती यामुळे. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम याच तुकड्यावर सुरू आहे, ते उगाच नाही.

वर्ध्यानंतर जरा श्वास मिळतो. बडनेरा, अकोला, शेगाव. मग भुसावळ. तिथे इटारसी-खंडव्याकडून येणारा मार्ग सामील होतो आणि उत्तरेतल्या मुंबईच्या गाड्या आपल्या पुढे-मागे येऊन बसतात. जळगावला सुरतेकडचा फाटा फुटतो. मनमाडला मराठवाड्याची लाइन मिळते, दौंडकडचीही मिळते. कल्याणला पुण्याकडची. नरसाळ्यात वरून पाणी ओततात तसं हे आहे. नागपूरकडची बाजू रुंद, मुंबईकडची चिंचोळी, आणि सगळ्यांना सकाळी सहा ते नऊच्या मध्येच खालच्या तोंडातून बाहेर पडायचं.

त्यात आपल्याच मातीतला कोळसा आहे. चंद्रपूर-वणीच्या खाणींतला कोळसा भुसावळजवळच्या दीपनगरला आणि नाशिकच्या एकलहऱ्याला वीज करायला जातो, तो याच रुळांवरून. रात्रगाडी अशा मालगाडीच्या मागे लागली, की सेक्शन कंट्रोलरला, म्हणजे त्या टप्प्यातल्या गाड्या कोणी कधी पुढे जायचं ते बघणाऱ्याला, ठरवावं लागतं: मालगाडीला पुढच्या स्टेशनात ‘लूपला घालायचं’ की तशीच पुढे काढायची. लूप म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ, बाजूला उभं राहायची जागा. तिथे शिरताना वेग अगदी कमी करावा लागतो आणि लांबलचक मालगाडी पुरती आत गेल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल देता येत नाही. फलाट नसलेल्या आडरानात आपली गाडी थांबली, की डब्यात कोणीतरी म्हणतंच, “क्रॉसिंग आहे बाप्पा.” दोन मार्ग असलेल्या रुळावर समोरच्या गाडीसाठी थांबायचं काही कारणच नसतं. बहुतेक वेळा पुढे कोणीतरी रेंगाळत असतं.

आता वीस मिनिटांचा उशीर दीड तासाचा कसा होतो ते बघा. समजा कोणीतरी बडनेऱ्याच्या अलीकडे साखळी ओढली. सगळ्या डब्यांखालून एक नळी जाते, तिच्यात दाबलेली हवा असते. ही हवा ब्रेक लावत नाही, ब्रेक सोडवून धरते. दाब उतरला की ब्रेक आपोआप लागतात. रचना मुद्दाम अशी, की गाडी मध्येच तुटली तरी दोन्ही तुकडे थांबावेत. साखळी ओढली की त्या डब्यातून हवा सुटते, गाडी थांबते, आणि मग कोणीतरी बॅटरी घेऊन खडीवरून चालत नेमका डबा शोधतं, झडप पूर्ववत करतं, नळीत हवा पुन्हा भरते. पंधरा-वीस मिनिटं गेली. तेवढ्यात कंट्रोलरने मागे थांबलेली मालगाडी पुढे काढली, कारण तिला तरी किती थांबवणार? भुसावळला पोहोचेपर्यंत खंडव्याकडून वेळेवर आलेली गाडी पुढे गेली. वेळेवर आलेल्या गाडीला थांबवून उशिरा आलेलीला पुढे काढणं म्हणजे एकाऐवजी दोन गाड्या बिघडवणं, हा तिथला हिशेब. आणि कल्याणला सातची फट हुकली. तिथून पुढे प्रत्येक सिग्नलला पिवळा.

एकदा मी स्वतः असा अडकलो होतो, ठाण्याच्या अलीकडे, तासभर. शेजारच्या रुळावरून लोकल सपासप जात होत्या आणि डब्यातले एक काका प्रत्येक लोकलला उद्देशून बोलत होते. काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उशीर थोडा असेल तर तो गिळायची सोय वेळापत्रकातच करून ठेवलेली असते. रुळांच्या दुरुस्तीमुळे वेग कमी करावा लागतो, अनपेक्षित थांबावं लागतं, म्हणून ठरावीक मिनिटं जादा धरतात, आणि त्यातली बरीच शेवटच्या टप्प्यात कोंबतात. मुंबईला जाणाऱ्या कुठल्याही गाडीचं वेळापत्रक काढून दादर ते सीएसएमटी या ९ किलोमीटरांना किती वेळ दिला आहे ते बघा. मग तीच गाडी परत येताना तेवढंच अंतर किती वेळात कापते ते बघा. जातानाचा वेळ ऐसपैस दिसेल, येतानाचा नेमका. दादरला वीस मिनिटं उशिरा आलेली गाडी सीएसएमटीला ‘वेळेवर’ टेकते ती अशी. याला कोणी लबाडी म्हणतं. माझ्या मते लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत अर्धा तास आधीचा छापतात, त्या जातीचं हे शहाणपण आहे.

एक गाडी म्हणजे दोन गाड्या

‘दुरांतो रोज सुटते’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एकच गाडी असते. ती एक नाहीच. डब्यांच्या एका संपूर्ण माळेला रेक म्हणतात, आणि रोज दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या या रात्रगाडीला दोन रेक लागतात. एक रेक रात्री आठ चाळीसला नागपूर सोडतो, सकाळी आठनंतर मुंबईत पोहोचतो. दिवसभर तिथे झाडलोट, पाणी, तपासणी. रात्री सव्वाआठच्या सुमाराला मुंबई सोडून सकाळी सव्वासात-साडेसातला परत नागपुरात. म्हणजे जायला साधारण साडेअकरा तास, तिकडे बारा, यायला अकरा, इकडे साडेतेरा. बेरीज ४८ तास. घड्याळ बरोबर दोन दिवसांनी जुळतं, म्हणून दोन रेक पुरतात. बेरीज ४८च्या वर गेली असती तर तिसरा रेक लागला असता, आणि अख्खी गाडी नवी विकत घ्यायची म्हणजे काय खर्च असेल याचा अंदाज करा. ‘थोडी उशिरा सोडा’ ही मागणी या बेरजेलाही विचारूनच मान्य करावी लागते.

विदर्भ एक्स्प्रेसचा हिशेब याहून नाजूक आहे, आणि मला तो जास्त आवडतो. तीही दोन रेकवर चालते, पण ती नागपूरच्या पुढे १३० किलोमीटर, गोंदियापर्यंत जाते. मुंबईहून संध्याकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत-बाहेर गोंदियाला टेकते आणि तीनच्या सुमाराला तोच रेक परतीला लागतो. मधे जेमतेम तीन तास. येणारी गाडी चार तास उशिरा आली तर जाणारी सुटणार कशी? तिचे डबे अजून तुमसरलाच असतात. स्टेशनवर घोषणा होते, ‘पेअरिंग रेक उशिरा आल्यामुळे’, तिचा अर्थ एवढाच. संध्याकाळच्या विदर्भने जायचं असेल तर सकाळी मुंबईहून येणारी विदर्भ नागपूरला किती वाजता आली ते मोबाइलवर बघावं. ती दहाच्या आत आली असेल तर निर्धास्त राहा. दुरांतोला दोन्ही टोकांना बारा-बारा तासांची उशी आहे, त्यामुळे सकाळी तीन तास उशिरा आलेली दुरांतोही रात्री वेळेवर सुटू शकते.

गाडी कुठून सुटते यावर वेटिंगचं नशीबही ठरतं. जी गाडी जिथून सुटते, तिथून शेवटपर्यंत किंवा शेवटाजवळपर्यंत जाणाऱ्यांचा कोटा सगळ्यांत मोठा. तिकिटावर ‘जीएनडब्ल्यूएल’ दिसतं ते या रांगेचं. मधल्या स्टेशनांना मिळून लहानसा कोटा असतो, त्याची रांग ‘पीक्यूडब्ल्यूएल’. मोठ्या कोट्यात रद्द होणारी तिकिटं जास्त, म्हणून तिथली वेटिंग वीस अनेकदा सुटते आणि लहान कोट्यातली वेटिंग सहा चार्ट लागेपर्यंत हलत नाही. नंबराच्या आधी अक्षरं वाचावीत.

इंजिनात आणि घाटात

गाडीत हजाराहून जास्त माणसं झोपलेली असताना जागी राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतात. इंजिनात दोघं: लोको पायलट आणि असिस्टंट. मागे गार्ड, ज्याला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. नागपूरहून निघालेला चालक मुंबईला जात नाही. नागपूरच्या लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या जागी, सही करायची, तोंडाने फुंकून दारू प्यालेलो नाही हे यंत्राला पटवायचं, आणि गाडी भुसावळपर्यंत न्यायची. तिथे दुसरी जोडी वाट बघत उभी असते. पहिली जोडी रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतीच्या जागी, झोपते आणि दुसरी एखादी गाडी घेऊन परत येते. नऊ तासांच्या पुढे ड्यूटी जाऊ नये असा दंडक आहे. प्रत्येक सिग्नल दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा, हात दाखवून. मिनिटभर चालकाने काहीच हालचाल केली नाही तर समोर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरी काही नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. मलकापूर-नांदुऱ्याच्या अंधारात रात्री दीड वाजता, पोट भरलेलं असताना, ती यंत्रणा किती उपयोगी पडत असेल हे सावजी खाऊन रात्री गाडी चालवलेल्या कोणालाही कळेल.

इगतपुरीला पहाटे गाडी थांबते. उतरणारं कोणी असो नसो, मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे थांबून ब्रेक तपासून घ्यावे लागतात. पुढे थळ घाट आहे, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. १८६५मध्ये इथून रूळ वर चढले. उतार ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. रस्त्यावर हा उतार सायकलवाल्यालाही फार वाटणार नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्याला टायरसारखी पकड नसते. बावीस डब्यांचं वजन मागून रेटा देत असताना तो उतार भयंकर असतो. वाटेत कॅच सायडिंग आहेत. ताबा सुटलेली गाडी त्या फाट्यावर वळते, समोरच्या चढणीने दमते आणि थांबते.

मुंबईहून येताना उलटं. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात, आणि ती सोळा-एक किलोमीटर गाडीला मागून ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात. मागून हलकासा धक्का बसतो, तो त्यांचा. इथली एक गंमत मला लहानपणापासून खटकते: घाट चढणाऱ्या गाडीला ‘डाऊन’ म्हणतात आणि उतरणारीला ‘अप’. मुंबईकडे जाणारं सगळं अप. आपण नागपूरकर नकाशावर कितीही मध्यभागी असलो तरी रेल्वेच्या भाषेत डाऊनच.

हे सगळं मी मावशीला मागच्या महिन्यात तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. ती चष्मा पुसत ऐकत होती. कल्याण तिला पटलं, कारण तिची नणंद डोंबिवलीला राहते. बँकर इंजिनांवर तिने विश्वास ठेवला नाही. दोन रेकचा हिशेब मात्र तिने बोटांवर पुन्हा करून पाहिला आणि विचारलं, “मंग ह्या दोघी रस्त्यात भेटत असतीन ना रे?”

भेटतात. तिच्यासमोरच कागदावर गुणाकार केला. एक आठ चाळीसला इकडून, एक सव्वाआठला तिकडून, दोघींचा सरासरी वेग ताशी ७३ ते ७५ किलोमीटर. रात्री दोन-सव्वादोनच्या सुमाराला, भुसावळच्या आसपास.

त्या रात्री दोन वाजून एकवीस मिनिटांनी माझा फोन वाजला. मेसेज होता: “गेली वाट्टे. काच काळी हाय, काई दिसलं नाही. डबा खाऊन राहिली.”